सीसीएल-२ ला टीएचपी-१ पेशी दादच देत नाहीत: व्हायल बाद की पद्धत?

प्रश्न (वर्धा जिल्हा, ग्रामीण कॉलेज):
टीएचपी-१ (लॅबमध्ये वाढवलेल्या मानवी मोनोसाइट, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) सीसीएल-२ कडे सरकतात का, हे पाहायचं होतं. रिकॉम्बिनंट ह्यूमन सीसीएल-२ (पेशींना आपल्याकडे ओढणारं प्रोटीन, म्हणजे केमोकाइन), ई. कोलाय जिवाणूत बनवलेला, १० मायक्रोग्रॅमची लायोफिलाइज्ड (गोठवून सुकवलेली) व्हायल. १०० मायक्रोलिटर स्टराइल पाण्यात विरघळवला, साध्या आरपीएमआयमध्ये (पेशी वाढवायचं माध्यम) १०० नॅनोग्रॅम/मिली केला. ८ मायक्रॉन छिद्रांचं ट्रान्सवेल (वरच्या कप्प्यातल्या पेशी पडद्याच्या छिद्रांतून खाली उतरतात तो इन्सर्ट), ४ तास. कंट्रोल आणि सीसीएल-२, दोन्हीकडे पेशी सारख्याच उतरून राहिल्या. पार्सल मे महिन्यात बर्फाशिवाय आलं होतं. उन्हानं प्रोटीन गेलं का?

उत्तर १:
उन्हावर शेवटी शंका घ्या. कोरडी पावडर प्रवासाचा ताप बऱ्यापैकी सोसते. घात होतो तो विरघळवल्यावर. नॅनोग्रॅमच्या पातळीवर केमोकाइन प्लास्टिकला चिकटतो आणि वेलपर्यंत (प्लेटमधल्या खळग्यापर्यंत) पोचतच नाही. म्हणून डायल्यूशन ०.१ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) घातलेल्या माध्यमात, लो-बाइंडिंग ट्यूबमध्येच करा. उघडण्याआधी व्हायल थोडी स्पिन करा; पावडर झाकणाला लागलेली असते. व्हॉर्टेक्स नको.

उत्तर २:
८ मायक्रॉन मोठं होतं भाऊ, पेशी आपोआपच खाली गळतात. ५ मायक्रॉन घ्या. २४-वेल प्लेटमध्ये खाली ६०० मायक्रोलिटर, वर १०० मायक्रोलिटरमध्ये २ ते ५ लाख पेशी. इन्सर्ट तिरपं धरून हळू सोडा, खाली बुडबुडा अडकला की तेवढा भाग वाया. आणि एकाच डोसवर निकाल काढू नका: ०, १, १०, ५०, १००, ३०० नॅनोग्रॅम/मिली. वक्र घंटेसारखा असतो, जास्त डोसला मायग्रेशन पुन्हा पडतं.

प्रश्नकर्ता:
लाइन वारंवार जाते. साठवण कशी करावी?

उत्तर १:
१० मायक्रोलिटरचे अ‍ॅलिकॉट (छोटे वेगळे वाटे) करून गोठवा. एक अ‍ॅलिकॉट म्हणजे १ मायक्रोग्रॅम, त्यात १०० नॅनोग्रॅम/मिलीचं १० मिली होतं. उरलेलं पुन्हा गोठवू नका. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजर टाळा, तो डीफ्रॉस्टसाठी स्वतःच तापतो. जेल पॅक भरलेल्या थर्माकोलच्या डब्यात ट्यूब ठेवून डबा फ्रिजरच्या तळाशी ठेवा. प्रयोगाच्या माध्यमात २५ मिलीमोलर हेपेस (पीएच स्थिर ठेवणारा बफर) घाला. इन्क्युबेटर बंद पडला तरी पीएच सांभाळला जातो. तापमान मात्र सांभाळलं जात नाही, तेव्हा इन्क्युबेटर इन्व्हर्टरवर हवाच.

उत्तर ३:
पुढची व्हायल घेताना एन-टर्मिनस (प्रोटीनच्या साखळीचं सुरुवातीचं टोक) तपासा. रिसेप्टर चालू होणं त्याच टोकावर अवलंबून असतं. तिथे हिस-टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेली हिस्टिडिनची शेपटी) असेल तर घेऊ नका. सीसीएल-५ या दुसऱ्या केमोकाइनच्या पुढे एक मेथिओनिन (अमिनो आम्ल) उरला तरी तो अ‍ॅगोनिस्टचा (रिसेप्टर चालू करणाऱ्याचा) अँटॅगोनिस्ट (अडवणारा) होतो, हे १९९६ मध्येच दाखवलं गेलंय. शिवाय एक वेल अशी ठेवा, जिच्यात वर-खाली सारखाच सीसीएल-२ असेल. तिथेही पेशी तेवढ्याच उतरल्या, तर ती नुसती हालचाल, केमोटॅक्सिस (रसायनाच्या दिशेनं सरकणं) नव्हे.