तालुक्याचा स्वतःचा मॅस्टोडॉन सर्व्हर आणि मराठी बॉट: कामाचं की नसती ब्याद?

गोदाकाठ
आपल्याकडचा शेतीसल्ला सगळा व्हॉट्सअॅपच्या गटांत अडकून पडलाय. एका गटात १,०२४ माणसं, भरला की दुसरा, मग तिसरा, आणि तीच पीडीएफ तीनदा चढवायची. सोयाबीनवरच्या खोडमाशीला या जुलैत कुणीतरी छान उत्तर दिलं, तरी पुढच्या जुलैत ते कुणाच्या हाती लागत नाही, कारण गुगलला ते दिसतच नाही. परभणी-हिंगोलीकडच्या पाच-सात शेतकरी उत्पादक कंपन्यांनी मिळून मॅस्टोडॉनचा एक सर्व्हर चालवावा, असं माझं म्हणणं. मॅस्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखं, पण आपापल्या सर्व्हरवर चालवायचं सॉफ्टवेअर. ते मुक्त आहे, एजीपीएल या खुल्या परवान्याचं. सर्व्हर एकमेकांशी ज्या अॅक्टिव्हिटीपब पद्धतीनं बोलतात ती वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनं २०१८ मध्ये प्रमाण म्हणून मान्य केलंय, त्यामुळे उद्या लातूरकरांनी वेगळा सर्व्हर काढला तरी इकडचा माणूस तिकडच्याला फॉलो करू शकतो. २ कोअर, ४ जीबी रॅम, ८० जीबी डिस्क एवढ्यात पाच-सहाशे खाती निघतात. भाडं सर्व्हर देणाऱ्या कंपनीनुसार महिना हजार ते दोन हजार. जोडीला उघड्या, म्हणजे उतरवून घेता येणाऱ्या एआय मॉडेलवर चालणारा, मराठीत आपोआप उत्तर देणारा बॉट. ट्विटरसारखं आपलं देशी 'कू' आठवतंय ना? जुलै २०२४ मध्ये मालकांनी कुलूप लावलं आणि मराठीत लिहिणारे रस्त्यावर आले.

कोरडवाहू
मॅस्टोडॉनला खातं काढायला ईमेल लागतो. मोबाइल नंबरावर ओटीपी येऊन खातं उघडायची सोय मूळ सॉफ्टवेअरमध्ये नाही. ज्यांच्यासाठी हे सगळं करायचं म्हणता, त्यांच्यातल्या कितींना आपला जीमेलचा पासवर्ड माहीत आहे? मोबाइलच्या दुकानदारानं टाकून दिला तेवढाच. एसएमएस स्वतः जोडायचा म्हटलं तर आधी डीएलटी या एसएमएस पाठवणाऱ्यांच्या नोंदवहीत संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची म्हणजे, हेडरची आणि प्रत्येक मजकुराच्या साच्याची नोंदणी.

बरं, ईमेलच पाठवू म्हणाल, तर भाड्याच्या सर्व्हरवर २५ नंबरचा पोर्ट बहुतेक कंपन्या बंदच ठेवतात. म्हणजे मेल पाठवणारी वेगळी सेवा घ्या, मेल खरंच आपलाच आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी डोमेनला लावा. यातलं एक जरी हुकलं की 'खातं पक्कं करा' हे पत्र थेट स्पॅममध्ये, आणि माणूस म्हणणार, 'तुमचं ॲप चालत नाही.'

गोदाकाठ
कोरडवाहू, पण वाचणाऱ्याला खातं लागतंच कुठं? जाहीर खात्याचं पान ब्राउझरमध्ये लॉगिनशिवाय उघडतं, आणि पत्त्यापुढं 'डॉट आरएसएस' लावलं की नव्या पोस्टींची आपोआप येणारी यादी, म्हणजे फीड तयार. खातं फक्त लिहिणाऱ्यांना: कृषी सहायक, कंपन्यांचे सचिव, जाणते शेतकरी. असे तीस-चाळीस जण. त्यांची खाती सर्व्हरवरून मॅस्टोडॉनच्याच 'टूटसीटीएल अकाउंट्स क्रिएट' या आज्ञेनं पक्की करून हातात देता येतात, मेलची वाट बघायची गरज नाही. लिंक व्हॉट्सअॅपवरच फिरू द्या की! गटानं गटाचं काम करावं, साठा आपल्याकडे राहावा.

बालाघाट
तीस-चाळीस जणांसाठी मॅस्टोडॉन म्हणजे बैलगाडीला जेसीबीचं इंजिन. पोस्टग्रेस (डेटाबेस), रेडिस (तात्पुरता साठा), साइडकिक (मागची कामं उरकणारं), वेब, स्ट्रीमिंग असे पाच तुकडे एकदम जिवंत ठेवावे लागतात. साइडकिक अडलं तर पान उघडतं, पोस्ट दिसते, पण बाहेरच्या सर्व्हरला काहीच जात नाही, आणि हे दोन-दोन दिवस कुणाच्या लक्षातही येत नाही.

डिस्क तर हमखास भरते. तुमचे लोक बाहेरच्या ज्यांना फॉलो करतात त्यांचे फोटो-व्हिडिओही तुमच्या सर्व्हरवर साठतात. हौसेनं रिले, म्हणजे बाहेरच्या सर्व्हरांच्या पोस्टी आणून ओतणारी जोडणी, लावली तर ८० जीबी बघता बघता संपेल. डिस्क भरली की पोस्टग्रेसला लिहायला जागा उरत नाही आणि सगळंच बसतं. त्यासाठी व्यवस्थापनाच्या पानावर बाहेरचा मीडिया सात दिवसांत पुसायची मुदत घालायची, शिवाय रात्री आपोआप चालणाऱ्या कामांत (क्रॉनमध्ये) लिंकची साठलेली चित्रं पुसणारी 'टूटसीटीएल प्रीव्ह्यू कार्ड्स रिमूव्ह' ही आज्ञा. रिलेच्या वाटेला जायचंच नाही.

बॅकअप म्हणजे नुसता डेटाबेसचा डंप नव्हे. गुप्त चाव्यांची सेटिंगची फाइल आणि लोकांनी चढवलेले फोटो त्यासोबत हवेत, आणि हे सगळं दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर. चाव्या हरवल्या तर दोन टप्प्यांचं लॉगिन लावलेली खाती अडकतात. तीन महिन्यांतून एकदा तो बॅकअप कोऱ्या मशीनवर उभा करून बघितला नसेल, तर बॅकअप नाहीच असं धरा.

'कू'चं उदाहरण दिलंत, तर हेही घ्या: मोझिलासारख्या संस्थेनं आपला मॅस्टोडॉन सर्व्हर डिसेंबर २०२४ मध्ये बंद केला. खातं दुसरीकडं हलवता येतं, फॉलोअर सोबत येतात, पण जुन्या पोस्टी जागच्या जागी राहतात. म्हणजे जो साठा जपायचा म्हणता, तोच मागं राहणार.

पाटाचंपाणी
पैसा-डिस्क सोडा. अफवा पसरली तर जबाबदार कोण? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून जमावानं पाच जणांचा जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात फॉरवर्डवर पाचची मर्यादा आणली. तुमच्या सर्व्हरवर असलं काही आलं तर रात्री दोनला उठून ते काढणार कोण? काढलं तरी मॅस्टोडॉन बाहेरच्या सर्व्हरांना फक्त 'पुसा' असा निरोप पाठवतो. पुसणं न पुसणं त्यांच्या हाती. २०२१ च्या आयटी नियमांतला ५० लाख वापरकर्त्यांचा आकडा मोठ्या कंपन्यांच्या जादा जबाबदाऱ्यांसाठी आहे. तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव जाहीर करणं लहान सर्व्हरलाही चुकत नाही.

आणि खासगी संदेश! मॅस्टोडॉनमधला 'खासगी' संदेश कूटबद्ध नसतो. डेटाबेस ज्याच्या हातात त्याला तो वाचता येतो. कर्जाचं, भावाचं, जमिनीच्या वादाचं लोक तिथं लिहिणार, आणि सर्व्हर सांभाळणारा पोरगा त्याच गावचा. व्हॉट्सअॅपवाल्या मेटाच्या साहेबाला आपल्या बांधाशी देणंघेणं नाही, गावातल्याला आहे.

ज्वारीचंकणीस
सर्व्हरवरच भांडायलात सगळे, बॉटकडं कुणाचं लक्षच नाही. खरा धोका तिथं आहे.

बॉटला खायला काय घालणार? पत्रकं. मराठी कृषी पत्रकांच्या बऱ्याच जुन्या पीडीएफ श्रीलिपी, कृतिदेव असल्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत आहेत. पडद्यावर झकास मराठी दिसतं, मजकूर उचलायला गेलं की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. मॉडेल ती खिचडी वाचून शांतपणे शुद्ध मराठीत काहीतरी ठोकून देतं. उपाय दोन: त्या फॉन्टचा परिवर्तक वापरा, नाहीतर पानं ३०० डीपीआयला प्रतिमा करून टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरनं मराठी वाचन करून घ्या. दुसऱ्या वाटेत दशांशाचा टिंब गळतो. ०.४ चं ०४ होतं. त्यामुळं मात्रेचा प्रत्येक आकडा मूळ पानाशी माणसानंच ताडून बघायचा.

आता मात्रा. समजा लेबलवर हेक्टरी २०० ग्रॅम, ५०० लिटर पाण्यात, असं लिहिलंय. लिटरला ०.४ ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ६ ग्रॅम. हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. मॉडेलनं 'हेक्टरी'च्या जागी 'एकरी' लिहिलं आणि शेतकऱ्यानं एकराला नेहमीचं २०० लिटर पाणी धरलं, तर पंपाला १५ ग्रॅम पडतात. वाक्य इतकं सफाईदार असतं की शंका येत नाही. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, तेव्हा बॉट नव्हता. आता त्यात याची भर कशाला?

लातुरीतूर
म्हणून काय एआयला हातच लावायचा नाही? मात्रा सांगायला नको, मान्य. पण आपले लोक टाइप करत नाहीत, बोलून पाठवतात. तो आवाज अक्षरात उतरवणं, जुन्या उत्तरांतून जुळणारी तीन काढून देणं, एवढं यंत्र करतं आणि त्यात कुणाचा जीव जात नाही. आवाज अक्षरात उतरवणारं व्हिस्पर हे मॉडेल एमआयटी या खुल्या परवान्याचं आहे, त्यात मराठी आहे. फक्त भाषा आपोआप ओळखायला सोडू नका, कारण पहिल्या ३० सेकंदांवरून ते ठरवतं आणि मराठीला हिंदी समजून बसू शकतं. भाषा 'मराठी' अशी हातानं ठरवून द्या. ध्वनिफितीत आवाज नसेल तिथं ते नसलेली वाक्यं रचतं, त्यामुळं आधी आवाज नसलेले तुकडे छाटायचे. 'माशी लागायली, काय मारू' असल्या बोलीवर अडखळेलच, तर आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत या भारतीय भाषांवरच्या गटाची उघडी मॉडेलं त्याच क्लिपांवर चालवून ताडून बघा.

जुळणारी उत्तरं शोधायला ८०० कोटी पॅरामीटरचं, म्हणजे आतल्या आकड्यांचं भाषेचं मॉडेल ४ बिटांवर आणलं, म्हणजे दाबून लहान केलं की ५ जीबीच्या आसपास बसतं. १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर, जीपीयू नसताना, रखडत का होईना चालतं. रात्री ढीग लावून ठेवायचा, सकाळी तयार. हे काम भाड्याच्या ४ जीबीच्या सर्व्हरवर मात्र टाकू नका, मॅस्टोडॉनसकट सगळं गुदमरेल.

कोरडवाहू
एक दुरुस्ती. 'उघडी मॉडेलं' म्हणताना मेटाच्या लामा मॉडेलाला 'मुक्त सॉफ्टवेअर' म्हणू नका कुणी. मॉडेलची वजनं (आतले आकडे) उतरवून घेता येतात, पण परवान्यात अटी आहेत, ७० कोटी वापरकर्त्यांवरच्यांना तर वेगळी परवानगी लागते. शेतकरी कंपनीला ही अट आडवी येणार नाही, पण शब्द नीट वापरा. मिस्ट्रल ७बी हे मॉडेल अपाचे या खुल्या परवान्याचं आहे, तिथं ही भानगड नाही.

गोदाकाठ
ठीक. बॉटचं उत्तर देणं सोडलं, फक्त उतरवणं आणि शोधणं. मात्रेच्या प्रश्नाला थेट लेबलाचा फोटो. पाटाचंपाणी, खासगी संदेशांचा मुद्दा टोचला. तिथं पहिल्याच पानावर 'इथं गुपित लिहू नका' असं ठळक लावू. पण बालाघाट, साध्या वेबसाइटवर जा म्हणत असाल तर नाही. वेबसाइटवर शेतकरी उलट प्रश्न विचारत नाही.

बालाघाट
विचारू देत. आधी हे सांगा, डोमेन कुणाच्या नावावर घेणार? मॅस्टोडॉन एकदा उभा राहिला की त्याचं डोमेन बदलता येत नाही, प्रत्येक खात्याची ओळख त्यालाच चिकटलेली असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अफगाणिस्तानच्या '.एएफ'वरचा एक चालता सर्व्हर तालिबानी मंत्रालयानं डोमेन काढून घेतल्यावर संपला. आपल्याकडं तालिबानची गरज नाही. चेअरमनच्या पुतण्याच्या जीमेलवर डोमेन घेतलेलं असतं, निवडणुकीत पॅनेल पडतं आणि नूतनीकरणाचा मेल पुतण्या उघडत नाही.