मुळशीच्या वरकस जमिनीत बांबू लावावा का?

प्रश्न: मुळशी तालुक्यात आमची दोन एकर वरकस जमीन आहे. पाऊस भरपूर असला तरी माती उथळ असल्याने नाचणी-वरीखेरीज तेथे काही येत नाही. कागद, अगरबत्ती, फर्निचर अशा उद्योगांना बांबू लागतो, तरी आपल्याकडे तो बांधापलीकडे का गेला नाही? लागवड केल्यास कोणती जात घ्यावी?

प्रतिसाद १: कायद्याचा अडसर हे एक मोठे कारण. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूची गणना वृक्षांत केल्यामुळे अनेक ठिकाणी स्वतःच्या रानातली काठी तोडून विकायलाही परवाने लागत. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून वगळला. पण इतक्या वर्षांत बाजार उभा राहिला नाही, तो एका दुरुस्तीने कसा राहील?

प्रतिसाद २: माझे मत माणगा या बांबूच्या जातीच्या बाजूने आहे. सिंधुदुर्गात शेतकरी तो पिढ्यान्‌पिढ्या लावत आले आहेत; काठी सरळ, बरीचशी भरीव आणि बिनकाट्याची असल्याने तोडणी सोपी जाते आणि ती फर्निचरपासून भाजीपाल्याच्या आधारापर्यंत चालते. काटेरी कटांग जाड होतो खरा, पण त्याच्या बेटात शिरणेच अवघड. कटांग घेतलाच तर रोपांचे मूळ विचारा, कारण ही जात अनेक दशकांनी एकदाच फुलते आणि मग सबंध बेट वाळते. जुन्या बेटाच्या कंदापासून केलेली रोपे त्या बेटाचे वय घेऊनच येतात.

प्रतिसाद ३: जातीइतकीच तोडणी महत्त्वाची. कोंब बेटाच्या कडेने फुटतात. तोडणारा सोयीसाठी बाहेरच्या कोवळ्या काठ्या काढतो, जून काठ्या मध्ये अडकतात आणि बेट गच्च होऊन नवे कोंब बारीक निघतात. म्हणून एका बाजूने वाट मोकळी करून तीन वर्षांवरच्या काठ्याच काढाव्यात, त्याही पावसाळ्यानंतर. पाच बाय पाच मीटरवर एकरी सुमारे १६० बेटे बसतात आणि पहिली विक्री चार-पाच वर्षांनी होते. तोवर मधल्या जागेत नाचणी घेता येईल.

कारखान्याला एकसारख्या जाडीचा माल सतत लागतो, जो दोन एकरांतून निघणार नाही. शेजारच्या शेतकऱ्यांनी तीच जात लावली, तरच ट्रक भरेल. हे बोलणे रोपे आणण्यापूर्वी करा, आणि बुरूड आळीत जाऊन कोणत्या जाडीच्या काठीला गिऱ्हाईक आहे तेही विचारून घ्या.