मँडोलिनच्या टेलपीसवर हाताने नक्षी कोरून घ्यायची आहे, सल्ला हवा

रॅलीकर

नमस्कार मंडळी. गेली अकरा वर्षं नॉर्थ कॅरोलायनात आहे. इथे ब्लूग्रास हे अमेरिकी लोकसंगीत ऐकता ऐकता मँडोलिनच्या नादी लागलो आणि आता इथल्याच एका कारागिराकडे एफ-५ (गिब्सन कंपनीचा जुना नमुना) घडणीचं वाद्य करायला टाकलं आहे. लाकूडकाम झालं, वॉर्निशचे हात चालू आहेत. धातूचे भाग अजून बसायचे आहेत म्हणून आत्ताच विचारून घेतो.

टेलपीस, म्हणजे तारांची टोकं जिथे अडकतात तो खालचा भाग, आणि ट्यूनरच्या, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्यांच्या, दोन्ही प्लेटा यांच्यावर हाताने नक्षी करून घ्यायची इच्छा आहे. टेलपीसच्या झाकणावर मधोमध 'आप्पा' एवढंच नाव. आप्पा माझे आजोबा. साताऱ्याला त्यांच्याकडे गोल पाठीचं जुनं मँडोलिन होतं, दिवेलागण झाली की ओसरीवर घेऊन बसायचे. त्याच्या टेलपीसवर एक वेल होती. त्यांचा हात टेकायचा तेवढीच पानं झिजून गुळगुळीत झाली होती, बाकीची बोटाला लागायची. ते वाद्य आता राहिलं नाही.

कुठला टेलपीस घ्यावा? मुलामा आधी की कोरणं आधी? देवनागरी अक्षर इथला कोरणारा नीट काढेल का? कोणी हे काम करून घेतलं असेल तर जरूर लिहा.

आठ_तारा

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे तुमची वाचेल. मी सोनेरी मुलाम्याचे तयार ट्यूनर तसेच्या तसे कोरायला पाठवले होते. परत आले तेव्हा प्रत्येक रेघेत खालचं पितळ उघडं. सुरुवातीला दोन रंग छान दिसले. पावसाळ्यानंतर रेघा हिरवट पडल्या. शिवाय कोरणाऱ्याने दाते न काढताच काम केलं होतं, धातूचा बारीक कीस मळसूत्रात अडकला आणि 'ए' तारेची एक खुंटी कायमची खरखरायला लागली. तेव्हा कोरायला देण्यापूर्वी दाते, खुंट्या सगळं उतरवता येतं का ते बघा. काही ट्यूनरमध्ये भाग रिव्हेटने ठोकलेले असतात, ते यासाठी घेऊच नका.

आणि धागा पुढे कोणी वाचेल त्यांच्यासाठी: हे सगळं नव्या वाद्याबद्दल. कुणाच्या घरात कलामाझूच्या कारखान्यातलं जुनं गिब्सन असेल, त्यातही तिथले तेव्हाचे वाद्यरचनाकार लॉइड लोअर यांची सही असलेलं १९२२ ते १९२४ मधलं, तर त्याच्या मूळ भागांना हात लावू नका. नवा टेलपीस घ्या, त्यावर हवं ते करा, मूळचा कापडात गुंडाळून पेटीत ठेवा.

टाकीचे_घाव

रॅलीकर, आजोबांच्या वेलीचं वाचून राहवलं नाही, सविस्तर लिहिते. मी पुण्यात असते. नऊ वर्षं हाताने कोरते आहे, जास्त करून चांदीवर, पण वाद्यांचे भागही केले आहेत.

मुलाम्याचं उत्तर सोपं आहे: मुलामा न चढवलेला धातू मागवा, त्यावर कोरून घ्या, मग मुलामा. मुलाम्याचा थर इतका पातळ असतो की त्याने रेघ बुजत नाही. रेघ मरते ती त्याच्या आधीच्या पॉलिशमध्ये. मुलामावाले सवयीने आधी बफ मारतात, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर घासतात, आणि रेघेच्या धारदार कडा गोल होऊन जातात. नक्षीचा सगळा जीव त्या कडांत असतो. प्रकाश तिथेच तुटतो. म्हणून भाग गुळगुळीत करायचा तो कोरण्यापूर्वी, आणि मुलामेवाल्याला चिठ्ठीवर लिहून द्यायचं की बफ मारू नये. तोंडी सांगितलेलं विसरतात. क्रोम केलेला भाग तर घेऊच नका, त्यावर कलमाचं (कोरायच्या पोलादी हत्याराचं) टोक उडतं आणि क्रोमचेही टवके निघतात.

टेलपीस दोन तऱ्हेचे मिळतात. जुन्या पद्धतीचं झाकण पातळ पत्र्याचं, ठशाने दाबलेलं. ते कोरता येतं, पण आतून लाखेने भरून आधार द्यावा लागतो, नाहीतर दाबाखाली पत्रा वाकतो. मग झाकण नीट बसत नाही आणि वाजवताना झणझणतं. दुसरा ओतीव, काशाचा किंवा पितळेचा. याला अंग असतं, कलम निर्धास्त चालतं. क्वचित ओतकामातलं छिद्र नेमकं रेघेत उघडं पडतं, तेवढा धोका धरायचा. तुमच्यासाठी मी ओतीवच सांगेन.

ट्यूनरच्या प्लेटा जर्मन सिल्व्हरच्या मिळाल्या तर उत्तम. (आपल्याकडे अॅल्युमिनियमच्या भांड्याला 'जर्मन' म्हणतात, ते हे नव्हे. तांबं, जस्त आणि निकेल यांचा हा मिश्रधातू, चांदीचा त्यात कणही नसतो.) पितळेपेक्षा चिवट आहे, कोरणाऱ्याचा हात दुखतो, पण रेघ फार स्वच्छ येते. १९२०च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसच्या नॅशनल कंपनीने धातूच्या अंगाची गिटारं आणि मँडोलिनं काढली, त्यांतली बरीच याच धातूची. आधी हाताने कोरलेली, मग वरून निकेल. त्यांच्या 'स्टाइल २' या नमुन्यावर रानगुलाब असायचा. त्या रेघा जवळून पाहा: सरळ नाहीत, नागमोडी दातेरी आहेत. चपट्या तोंडाचं कलम मनगटाने डावीकडे-उजवीकडे डोलवत पुढे चालवलं की एका फटक्यात रुंद, चमकणारी पट्टी उमटते. तुमच्या कोरणाऱ्याला ट्यूनरच्या कडेने तशी एक किनार मागा. थोड्या वेळात होते आणि लांबून उठून दिसते.

आता माणूस कसा निवडायचा. त्याच्या कामाचे फोटो मागवा, आणि जमलं तर एखादा तुकडा हातात घेऊन दहापट भिंगाखाली बघा. हाताने कोरलेली रेघ सुरू होते केसासारखी, मध्ये फुगते, पुन्हा निमुळती होते, आणि तिचा तळ आरशासारखा चमकतो. लेझरच्या रेघेचा तळ मंद, भाजल्यासारखा. भांड्यावर नाव घालतात त्या मशीनची रेघ म्हणजे ठिपक्यांची रांग. ठशाची नक्षी असेल तर कडा मुळातच गोल. हवेवर चालणारं कलम वापरतो म्हणून कोणाला नाकारू नका. हवा फक्त हातोडीचं काम करते, वळण हातच देतो. अमेरिकेत बंदुकांवर कोरणारे फार तयारीचे लोक आहेत, वाद्यांची कामं पुष्कळदा तेच करतात. लंडनच्या झेमायटिस गिटारांवरचे धातूचे पत्रे डॅनी ओब्रायन या बंदुका कोरणाऱ्यानेच कोरले होते.

बोरू

अक्षराबद्दल थोडं. 'आप्पा' दिसायला सोपं, कोरायला अवघड. शिरोरेखा ही सगळ्यात लांब सरळ रेघ, ती जराशी हलली तरी लगेच कळतं. आणि 'प्प'मध्ये दोन पोटं शेजारी येतात, मधला धातू फार अरुंद उरला तर तो उडतो. जागा सैल सोडा. फॉन्ट पाठवू नका. बोरूने किंवा चपट्या निबने लिहून त्याचा फोटो पाठवा, जाड-बारीक कुठे होतं ते कोरणाऱ्याला दिसेल. लिपी न येणाऱ्याला सांगावंच लागतं की शिरोरेखेला अक्षरं लोंबतात, ती खालच्या रेषेवर उभी नसतात. वर बाण काढून 'वरची बाजू' असंही लिहा. हवं असेल तर मी लिहून देईन.

रॅलीकर

काय बोलू. एका रात्रीत एवढं मिळेल वाटलं नव्हतं. कारागिराशी बोललो, ओतीव काशाचा कोरा टेलपीस मागवतो म्हणाला. ट्यूनर स्क्रूने जोडलेले आहेत, पूर्ण उतरतात. बोरू, अक्षर तुमच्याच हातचं हवं, निरोप पाठवला आहे.

नक्षीचं मनात असं आहे: एफ मँडोलिनच्या खांद्याला लाकडाची गुंडाळी असते, तीच लहान करून झाकणाच्या दोन कोपऱ्यांत, आणि तिच्या टोकाला कोयरी. जमेल का?

टाकीचे_घाव

सुंदर जमेल. आधी गुंडाळीचा कणा एका दमात, पानं नंतर, हे बघणारा माणूस असला की झालं. आधी पितळेच्या तुकड्यावर 'आप्पा' कोरून मागवा, त्याचे वेगळे पैसे लागले तरी द्या.

रेघांत काळं भरून घेणार असाल तर पुढे चिंच-मीठ किंवा पितांबरी लावू नका, ते काळं निघून जाईल. मऊ सुती फडकं पुरे. आणि एक राहिलं: तार बदलताना झाकण उघडायला अंगठा जिथे लागतो ती जागा आणि मनगट टेकतं ती कड मोजून कारागिराला कळवा. नाव त्या दोन्हींच्या बाहेर बसवा. मनगटाखाली वेल येऊ दे.