हंटिंग्टन या आनुवंशिक मेंदूविकारावरील संशोधनात सहभागी होण्याआधी काय पाहावे?

प्रश्न (खानापूर): वडिलांना हंटिंग्टनचे निदान झाले असून घास तोंडाशी नेताना त्यांचा हात झटक्याने बाजूला जातो. बंगळूरच्या निम्हान्समध्ये (मानसिक आरोग्य व मेंदूविकारांची राष्ट्रीय संस्था) संशोधनाविषयी चौकशी करणार आहे. नाव नोंदवण्याआधी काय पाहावे?

उत्तर (निपाणी): अभ्यास निरीक्षणाचा आहे की औषधाचा, हे प्रथम विचारा, औषधाच्या चाचणीत काहींना परिणामशून्य गोळीही दिली जाऊ शकते. भारतात औषधचाचण्यांची नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे, तेव्हा सीटीआरआय क्रमांक (देशाच्या चाचणी-नोंदवहीतला नोंदणी क्रमांक) मागून घ्या. संमतीपत्र कन्नडमध्ये पुढे आले आणि वडिलांना ते वाचता येत नसेल, तर मराठी प्रत मागताना अजिबात संकोचू नका. समजणाऱ्या भाषेत माहिती मिळणे हा त्यांचा हक्क आहे.

उत्तर (बेळगाव): सहभागातून कधीही माघार घेता येते. तुमची स्वतःची जनुकीय तपासणी मात्र घाईने करू नका; अपत्याकडे हा दोष येण्याची शक्यता ५० टक्के असते, म्हणून आधी समुपदेशन घ्याच.