.२२ रायफलची नळी गोळ्यांनी झिजते की सफाईने?

रेंजवरची आई
नमस्कार. लेक कोल्हापुरात ५० मीटर प्रोनला (पालथं झोपून नेमबाजी) क्लबची .२२ रायफल वापरते. रोज ६० गोळ्या आणि रोज सफाई: तीन तुकड्यांचा ॲल्युमिनियमचा रॉड, ब्राँझचा ब्रश, तोही नळीच्या तोंडातून आत. महिनाभर ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका, पसरतोय. एक सर म्हणतात ब्रशने नळी खाल्ली. दुसरे म्हणतात, ब्राँझ पोलादाचं काय वाकडं करणार? खरं काय?

निवृत्त पोलीस आर्मरर
ताई, ब्रशवर आळ नको. फॉस्फर ब्राँझ पोलादाहून मऊ. झिजतो तो ब्रशच. मला काळजी रॉडची वाटते. तुकड्यांचा रॉड दाबला की मध्ये वाकतो आणि नळीला घासत जातो. ॲल्युमिनियम मऊ म्हणून बरं वाटतं, पण मऊ धातूतच कचकच रुतून बसते. बऱ्याच .२२ काडतुसांच्या प्राइमरमध्ये (ठिणगी देणाऱ्या मसाल्यात) काचेची पूड असते, तीसुद्धा.

माझी सुरुवात .३०३ रायफलवर झाली. फुलथ्रूची, म्हणजे नळी साफ करायची, दोरी घाईघाईत तिरकी ओढायचे, दोरीला धूळ चिकटलेली. विहिरीच्या काठाला पडतो तसा चर नळीच्या तोंडाशी पडायचा. दोरीने कापलेलं पोलाद मी बोटाने चाचपलंय.

.२२ ची गोळी शिशाची, वेग सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास. तिने नळी झिजायला वर्षानुवर्षं लागतील. पण क्राऊनची, म्हणजे नळीच्या तोंडाची, कड एका बाजूला खराब झाली, की वायू त्या बाजूने आधी सुटतो आणि गोळीला ढकलतो. तोंडातून रॉड घालणं आजच बंद करा. बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) काढून, बोअर गाइड (रॉड सरळ ठेवणारं नळकांडं) लावून, मागून अखंड रॉड घाला. पोलादी, वर लेप असलेला. प्रत्येक वेळी रॉड पुसा.

बालेवाडीचा नेमबाज
काकांशी सहमत, पण घाबरून सफाईच सोडू नका. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, पुढे कार्बनचं कडक कडं जमतं, त्यानेही ग्रुप बिघडतो. मी रोज सफाईला फेल्टचे (दाबलेल्या लोकरीचे) बोळे वापरतो, ब्रश क्वचित. आणि ताई, काडतुसांचा लॉट बदललाय का? आधी ते पाहा.

निवृत्त पोलीस आर्मरर
लॉटचा मुद्दा रास्त. शिवाय कानातल्या काडीचा कापूस क्राऊनवरून हळूच फिरवा. कुठे तंतू अडकले तर तिथे कड उठलीय.

रेंजवरची आई
लॉट तोच आहे. कापूस फिरवला, खालच्या अंगाला दोनदा अडकला, त्याच जागी. काका, ही कड लेथवर नव्याने कापून मिळते का?

निवृत्त पोलीस आर्मरर
मिळते. तोवर त्या नळीला तोंडाकडून कुणाला हात लावू देऊ नका.