तान्ह्या बाळाची फिजिओथेरपी: व्यायाम बाळाला द्यायचा की पालकांना शिकवायचा?

उंबरठा:
आमची लेक दोन महिने आधी जन्मली. करेक्टेड वयाने, म्हणजे ठरलेल्या तारखेपासून मोजून, सात महिन्यांची झाली तरी बसायचं नाव घेईना, म्हणून फिजिओथेरपी सुरू केली. पहिल्या ठिकाणी आठवड्यातून दोनदा पाऊण पाऊण तास. बाईंच्या हातात कसब नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्या तिला मोठ्या चेंडूवर झुलवायच्या, कंबर धरून वळवायच्या. ती रडायची आणि आम्ही कोपऱ्यात बसून घड्याळ बघायचो. घरी आलो की पुन्हा जैसे थे.

मग दुसऱ्या बाई मिळाल्या. त्या जमिनीवर बसल्या, स्वतःचे हात मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, "तुम्ही हिला उचलता कसं, ते दाखवा." मी काखेत हात घालून सरळ वर उचललं. त्यांनी शिकवलं की आधी कुशीवर वळवा, तिला कोपरावर भार घेऊ द्या, मग उचला. खेळणं हातात देऊ नका, हात पोचेल त्याच्या चार बोटं पलीकडे ठेवा. एवढंच! पण दिवसातून दहा वेळा कपडे नाहीतर लंगोट बदलला की दहा वेळा सराव आपोआप होतो.

माझं मत सरळ आहे. आठवड्यातले दीड तास थेरपिस्टचे आणि जागेपणीचे उरलेले साठेक तास आपले. थेरपिस्टने बाळाला व्यायाम देऊच नये, पालकांना शिकवावं. चेंडूवर झुलवणं हा पालकांना बरं वाटावं म्हणून चाललेला देखावा आहे.

गणिती:
मुळात गेलातच कशाला? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या अभ्यासात निरोगी मुलं आधाराशिवाय बसायला लागण्याचा काळ 3.8 ते 9.2 महिने असा निघाला आहे. एकट्याने चालायचा 8.2 ते 17.6. दोन्ही टोकांत किती अंतर आहे बघा. शंभरातली चारेक मुलं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तशीच चालायला लागली. शेजारचं बाळ बसलं की आपल्याला घाम फुटतो, आणि त्या घामावर दुकानं चालतात.

उंबरठा:
नुसतं बसत नाही म्हणून नाही गेलो. पाय ताठ करायची, उभं धरलं की चवड्यांवर जायची. हे लिहायला हवं होतं, चूक माझी.

मुलांची फिजिओ:
गणिती, आकडे बरोबर आहेत, पण ती मोजणी दिवस पूर्ण भरलेल्या बाळांची आहे. आणि आम्ही फक्त तारीख बघत नाही, हालचाल कशी होते ते बघतो. तीन ते पाच महिन्यांच्या बाळाच्या अंगात एक बारीक, सगळ्या दिशांनी चालणारी चुळबुळ असते. हाइन्झ प्रेख्टल यांनी घालून दिलेल्या पद्धतीने ती नुसती बघून ओळखता येते, बाळाला हातही लावावा लागत नाही. ती चुळबुळ दिसलीच नाही तर सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा झाल्याने हालचालींवर ताबा न राहण्याची, शंका घेतात आणि "बघू, वर्षाचा होऊ दे" असं म्हणत नाहीत.

आता उंबरठा, तुमच्याकडे वळते. अर्धं पटलं. बाळाला आपण हलवून दिलं की हालचाल आपली होते, त्याची नाही. स्वतः धडपडल्याशिवाय मेंदू शिकत नाही. डाउन सिंड्रोमच्या बाळांवर 2001 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. घरीच, पालकांनी, आठवड्यातून पाच दिवस आठ-आठ मिनिटं, छोट्या ट्रेडमिलवर धरून पावलं टाकायला लावली. ती बाळं इतरांपेक्षा सरासरी 101 दिवस आधी चालली. हा तुमच्या बाजूचा पुरावा, घ्या.

पण "थेरपिस्टने हात लावूच नये" हे चूक. जन्मतः मान एका बाजूला आखडलेली असते, ती बाळं घ्या. महिन्याच्या आत उपचार सुरू झाले तर शंभरातल्या 98 जणांची मान साधारण दीड महिन्यात मोकळी होते. सहा महिन्यांनी सुरू केले तर नऊ-दहा महिने लागू शकतात. ते ताणणं घरी पालकच करतात हे खरं, पण किती जोर द्यायचा, खांदा कुठे दाबून धरायचा, हे व्हिडिओ बघून येत नाही. माझ्या हाताखाली तुमचा हात ठेवूनच ते कळतं.

जुळ्यांची आई:
माझा धाकटा दहा महिन्यांचा असताना सगळं डाव्या हाताने घ्यायचा. घरचे कौतुकाने म्हणाले, डावखुरा आहे. पहिल्या वर्षात मूल डावखुरं-उजवं ठरत नसतं, हे मला फार उशिरा कळलं. उजव्या हाताची मूठच उघडत नव्हती. त्यामुळे गणिती, "वाट बघा" हा शब्द माझ्यासमोर नको.

पण माझं खरं भांडण उंबरठा यांच्याशी आहे. दर लंगोटाला सराव, दर खेळण्याला सराव. ऐकायला गोड. मी ते दीड वर्ष केलं. मुलाला नुसतं मांडीवर घेऊन बसले तरी आतून आवाज यायचा, हा वेळ वाया चाललाय. मोठा बाजूला उभा, त्याच्याकडे बघायचं कधी? ती आठवड्यातली पाऊण तासाची थेरपी, जिला तुम्ही देखावा म्हणता, तेवढाच वेळ त्याची जबाबदारी दुसऱ्या कोणाच्या हातात असायची. मी बाकावर बसून डोळे मिटायचे. मला थेरपिस्ट हवी होती, मलाच थेरपिस्ट व्हायचं नव्हतं.

आणि तुम्ही लिहिता "पालक". घरात त्याचा उच्चार "आई" असा होतो. त्या दहा वेळांतल्या तुमच्या किती?

मुलांची फिजिओ:
हे आम्हीही विसरतो. मी आता दोनच गोष्टी सांगते, त्याही घरचा दिवस विचारून. पूर्वी कागदभर व्यायाम लिहून द्यायचे. पुढच्या वेळी आया खोटं सांगायच्या, केले म्हणून.

गणिती:
आखडलेली मान आणि मूठ, दोन्ही मान्य. निरोगी बाळांच्या "वाढीला चालना" देणाऱ्या वर्गांबद्दल मात्र मी माझं म्हणणं मागे घेत नाही.

उंबरठा:
जुळ्यांची आई, काल घरी विचारलं आणि मोजलं. दहातल्या दोन माझ्या. रविवारी चार.