४० वर्षं जुनी शिडाची बोट घ्यावी का? कॅटलिना ३०, चेसापीक बे

बेकिनारी:
नमस्कार मंडळी, आम्ही मेरीलँडला, अ‍ॅनापोलिसपासून अर्ध्या तासावर राहतो. दोन वर्षांपासून सेलिंग शिकतोय, बेसिक कीलबोटचा कोर्स झाला, क्लबच्या बोटी भाड्याने घेऊन बऱ्यापैकी फिरलो, आणि आता एक बोट मनात भरलीय. १९८३ ची कॅटलिना ३०, मालक सत्तरीचे आहेत, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डेकवर चढणं जमत नाही म्हणून विकतायत. ९,५०० डॉलर म्हणतायत. डिझेल इंजिन, पुढचं शीड चांगलं आहे, मोठं शीड जुनं आहे. आत चौघं आरामात झोपतील. आमची मुलगी ९ वर्षांची आहे, बोट यार्डात स्टँडवर उभी आहे तरी तिने जे सुकाणूचं चाक धरलं ते सोडायलाच तयार नाही.

मला दोन गोष्टी खटकल्या. डोलकाठीच्या डाव्या बाजूला डेकवर पाय दिला की किंचित दबल्यासारखं होतं. आणि खाली कील (तळाखालचा वजनदार पाता) जिथे बोटीच्या तळाला जोडलीय तिथे पुढच्या बाजूला एक आडवी भेग आहे, नख जाईल एवढी. मालक म्हणतात या बोटींना ती असतेच. खरंय का? घ्यावी की सोडावी?

खारवारा:
मालक खोटं बोलत नाहीयेत, पण अर्धंच सांगतायत. माझी याच कंपनीची १९७९ ची बोट आहे, ११ वर्षं झाली, याच बे मध्ये. त्या भेगेला सगळे 'कॅटलिना स्माइल' म्हणतात. कील शिशाची असते, ती तळाला निघालेल्या फायबरग्लासच्या खुंटाला बोल्टने आवळलेली असते, आणि जुन्या कॅटलिना ३० मध्ये त्या खुंटाच्या आत प्लायवूड घातलेलं आहे. नुसता सांधा उघडला असेल तर बोल्ट आवळून, भेग खरवडून, इपॉक्सी भरून काम भागतं, मी स्वतः केलंय. पण बोल्टच्या बाजूने पाणी झिरपून आतलं लाकूड कुजलं असेल तर बोल्ट धरणार कशाला? मग आतून तळ कापून सगळा खुंट नव्याने भरावा लागतो आणि यार्डाकडून करून घेतलं तर बोटीच्या किमतीपेक्षा जास्त बिल होतं.

म्हणून बाहेरची भेग बघून ठरवू नका, आत जा. फळ्या उचला, टॉर्च घ्या आणि कीलच्या बोल्टखालचे वॉशर बघा. सपाट बसलेत की खाली रुतलेत? भोवती तपकिरी ओघळ आहे का? डोलकाठीच्या बरोबर खाली आतमध्ये जो खांब आहे त्याचा पाय पण बघा, तो लाकडी ठोकळ्यावर उभा असतो आणि ठोकळा कुजला की सगळी डोलकाठी हळूहळू खाली बसते. लक्षण सोपं आहे, बाथरूमचं दार चौकटीत घासायला लागतं.

डेक दबतंय ते वेगळं प्रकरण. डेकच्या दोन थरांमध्ये पण लाकूड असतं. स्क्रूड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ घ्या आणि वीतभर अंतराने ठोकत जा. चांगल्या जागी टणक 'टक्' येतो, ओल्या जागी 'थप्'. जिथे आवाज बदलेल तिथे टेप लावा. ताटाएवढी जागा असेल तर घरी होण्यासारखं काम आहे, डोलकाठीला ताणून धरणारी वायररोप जिथे डेकमधून खाली जाते तिथपर्यंत टेप गेली तर विचार करा.

दुसराधक्का:
मी स्पष्टच सांगतो, घेऊ नका. मी पण असाच ८,००० ला घेतलेली, तीन वर्षांत १९,००० वर घातले आणि शेवटी ४,००० ला दिली. नवीन मोठं शीड, सगळ्या वायररोप, पाण्याखालचे व्हॉल्व्ह, आणि एका यार्डाने दोन आठवडे सांगून अख्खा उन्हाळा लावला त्याचं भाडं वेगळं. त्या तीन वर्षांत आम्ही प्रत्यक्ष शीड उभारलं ते मोजून १४ वेळा. तेवढ्या पैशात क्लबच्या बोटींवर कितीतरी वर्षं फिरता आलं असतं. आणि विकली जात नाही म्हणून फेकून द्यायची म्हटली तरी फायबरग्लासची बोट भंगारात काढायला पैसेच मोजावे लागतात, हे कुणी सांगत नाही. मुलीचा चेहरा बघून निर्णय घेऊ नका हो, मी तसाच घेतला होता.

देवगडकरीण:
मला त्या फायबरच्या बोटींमधलं काही कळत नाही, पण आमच्या आजोबांचा मचवा होता. पावसाळ्याआधी तो वर ओढायचा, उन्हात वाळू द्यायचा, माशाचं तेल चोपडायचं, नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच पाण्यात. कुणी जुनी होडी विकायला आणली की आजोबा होडी नंतर बघायचे, आधी विचारायचे हिला तेल कोण लावत होतं. तुम्हीपण मालकांना वही मागा. दरवर्षी काय केलं, कधी केलं, पावत्या. ज्याने बोट सांभाळलीय त्याच्याकडे वही असतेच.

आणि गोव्याची म्हादेई नावाची शिडाची बोट आठवा. दिवार बेटावरच्या यार्डात बांधली, २००९-१० मध्ये दिलीप दोंदे तिच्यावरून एकट्याने जग फिरून आले, मग २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच बोटीवरून कुठेही न थांबता. बोट तीच, पण परत निघण्याआधी तिचा खिळा न् खिळा तपासणारी माणसं होती.

जुनंइंजिन:
वरच्या ताईंना +१. इंजिनबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय. डिझेल आहे ही चांगली गोष्ट, कारण त्याआधीच्या बऱ्याच बोटींमध्ये अ‍ॅटॉमिक ४ नावाचं पेट्रोल इंजिन असायचं, इंजिन चांगलंच पण पेट्रोलची वाफ तळात साठते म्हणून सुरू करायच्या आधी दर वेळी ब्लोअर लावून ती बाहेर काढावी लागते. तुमचं युनिव्हर्सल कंपनीचं असणार. इंजिनपासून पॅनेलकडे जी वायरिंग जाते तिच्यात मधे एक प्लास्टिकचा जोड असतो, ट्रेलरच्या दिव्यांना असतो तसा. तो उघडून बघा. वितळलेला, काळा पडलेला असेल तर तो काढून सरळ वायर टाका, आग लागण्याचं ते ठरलेलं ठिकाण आहे.

बोट स्टँडवर असताना इंजिन बादलीतलं पाणी देऊन सुरू करून दाखवतील, त्यावर समाधान मानू नका. पाण्यात उतरल्यावर सकाळी तुम्ही जायच्या आधी कुणी इंजिन गरम केलेलं नसावं, हात लावून बघा. थंड इंजिन किती वेळात पेटतं, धूर कसला येतो, एक्झॉस्टमधून पाणी पडतं का, आणि मग निदान अर्धा तास जोरात चालवून तापमान कुठे स्थिरावतं ते बघा.

बेकिनारी:
सगळ्यांचे मनापासून आभार. दुसराधक्का, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, पण लिहिलंत ते बरं झालं. मूठ घेऊन गेलो होतो, 'थप्' आला, साधारण दोन ताटांएवढी जागा. वही मागितली तर २०११ पर्यंतच्या पावत्या आहेत, नंतरच्या नाहीत. आता सर्व्हेअर, म्हणजे बोट तपासून रिपोर्ट देणारा माणूस, कसा शोधायचा? ब्रोकरने एक नाव सुचवलंय.

खारवारा:
ब्रोकरने सुचवलेला घेऊ नका. तो माणूस वाईट असेल असं नाही, पण त्याला काम ब्रोकरकडून मिळतं. सॅम्स आणि नॅम्स या सर्व्हेअरांच्या दोन संघटनांच्या यादीतून शिडाच्या बोटींवाला निवडा आणि तो काम करत असताना स्वतः हजर राहा, कागदावर जे येतं त्याच्या दुप्पट तो बोलता बोलता सांगतो. इन्शुरन्सवाले एवढ्या जुन्या बोटीला सर्व्हेचा रिपोर्ट मागतातच. ऑफर लेखी द्या, सर्व्हे आणि पाण्यातली चाचणी मनासारखी झाली तरच सौदा, नाहीतर डिपॉझिट परत, हे त्यात पाहिजेच. वायररोप कधी बदलल्या ते विचारा, कापसाचा बोळा तारेवरून फिरवा, तुटलेला एक तंतू असला तरी कापूस अडकतो. आणि मेरीलँडला ५ टक्के एक्साइज टॅक्स भरावा लागतो तो धरूनच हिशोब करा.

बंदररोड:
मुंबईहून वाचतोय. इकडे गेटवेसमोर मूरिंगवरच्या बोटींवर क्रू म्हणून जातो. बोट घ्यायच्या आधी एखादा सीझन दुसऱ्याच्या बोटीवर का नाही काढत? अ‍ॅनापोलिसला बुधवारी संध्याकाळी रेस असतात ना, तिथे बोट फार कलू नये म्हणून एका बाजूला नुसतं वजन म्हणून बसायला पण माणसं लागतात. मालक कुठे कुठे पैसे घालतो ते डोळ्यांनी दिसेल.

बेकिनारी:
अपडेट देतोय. शनिवारी सर्व्हे झाला. सर्व्हेअर बाई होत्या, सकाळी आठला आल्या त्या दुपारी एकपर्यंत बोटीच्या आतच. बोल्टचे मधले दोन वॉशर रुतलेले होते. मालकांना विचारून त्यांनी तळात पेन्सिलीएवढं भोक पाडलं तर ड्रिलला काळपट ओला भुसा चिकटून आला, चहाच्या चोथ्यासारखा. मालक स्वतः वाकून बघत होते, त्यांना खरंच माहीत नव्हतं, ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. संध्याकाळी फोन करून म्हणाले ३,००० द्या आणि न्या. मला फार वाईट वाटलं पण नाही म्हटलं, फायबरग्लासचं काम मला येत नाही आणि ते शिकायची ही बोट नाही. सर्व्हेचे साधारण ७०० डॉलर गेले. मुलगी रडली.

बुधवारच्या रेससाठी एका बोटीवर जागा मिळालीय. आणि इथेच मेरीलँडमधल्या सॉलोमन्स गावी १९९० ची एक कॅटलिना ३० आहे, १७,००० ला, वही अगदी गेल्या वर्षापर्यंत भरलेली. त्याच बाईंना पुढच्या आठवड्यात बोलावलंय. फक्त तिला विंग कील (आखूड, खालच्या टोकाला पंख असलेली) आहे, बोट पाण्यात ३ फूट १० इंच खोल जाते. मला फिन कील (सरळ, खोल पात्यासारखी) हवी होती, कारण वाऱ्याच्या दिशेला ती जास्त चांगली चढते म्हणतात. हट्ट धरू का?

खारवारा:
धरू नका. फिन कील ५ फूट ३ इंच खोल जाते आणि आपली बे सरासरी २१ फूटच आहे, चांगल्या खाड्यांमध्ये नांगर टाकायला जाल तिथे तर त्याहून कितीतरी कमी. विंगवाली चिखलात रुतली तर निघायला त्रास देते, तेवढं ओहोटीच्या वेळी जपा. बोल्ट मात्र इथेही बघायचेच.